२४ नॉटला चाललं, १८ ला बिघडलं: हार्बरमधल्या एका फास्ट फेरीच्या लाटेचं प्रकरण

हे प्रकरण मुंबई हार्बरच्या आतल्या बाजूला असलेल्या एका कोळीवाड्याचं आहे. वाड्याचं नाव, फेरी चालवणारी कंपनी, परवानगी देणारं ऑफिस, सगळं मुद्दाम गाळलंय, आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी थोड्या बदलल्यात. माझं नाव गाळायचं कारण मात्र वेगळं आहे, यातली मोठी चूक माझीच होती. मी किनाऱ्यावरच्या लाटांचं मॉडेलिंग करतो, म्हणजे बंदर बांधलं, धक्का वाढवला, की लाटा कुठे जाऊन आपटतील याचा अंदाज द्यायचा. बोटीने तयार केलेल्या लाटेचं काम त्याआधी एकदाही केलं नव्हतं, पण लाट ती लाट, असं वाटलं होतं.

पार्श्वभूमी

मुंबईला बोटीने ये-जा नवीन नाही. भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसला, गेटवेवरून घारापुरी-मांडव्याला लाकडी लाँच कित्येक वर्षं रमतगमत जातायत. मग १५ मार्च २०२० ला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (गाड्याही नेणारी फेरी) सुरू झाली, १७ फेब्रुवारी २०२२ ला बेलापूरकडची वॉटर टॅक्सी सुरू झाली, आणि हार्बरमध्ये वेगाची भाषा बोलली जायला लागली. रस्त्याने दीड तास आणि पाण्याने पाऊण तास, असं गणित कोणालाही आवडणारच.

आपल्या प्रकरणातली बोट म्हणजे २४ मीटर लांबीचा कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली बोट, वेग २४ नॉट (ताशी साधारण ४४ किलोमीटर), दिवसभरात सहा खेपा, पावसाळ्यात सेवा बंद. रूट वाड्यापासून साधारण ९०० मीटरवरून जातो आणि तिथे चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, खोली दिसते ५ मीटर. वाड्यासमोर आधी चिखलाचा लांब पट्टा, मग तिवरांची एक विरळ रांग, तिच्यामागे दगडी बांध, बांधाला बांधलेल्या पंचवीस-तीस होड्या, मागे घरं.

इथे भरती-ओहोटीचं सांगायलाच हवं कारण सगळी गोष्ट त्यावरच फिरते. अपोलो बंदरला उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी चार्टच्या शून्यापासून (चार्टवरची खोली जिथून मोजतात ती पातळी) सरासरी ४.४ मीटर वर असतं आणि उधाणाच्याच ओहोटीला ०.८ मीटरच्या आसपास. म्हणजे चार्टवर ५ मीटर लिहिलेल्या जागी कधी ९.४ मीटर पाणी असतं आणि सहा-सव्वासहा तासांनी तिथेच ५.८. दुसरी गंमत अशी की मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसांत भरती येते दुपारी बाराच्या आगेमागे, आणि खडखडीत ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहा-सातला. कोळ्यांना हे तिथीवरून तोंडपाठ असतं, आम्ही ते टाइड टेबलमध्ये शोधतो.

पहिला अंदाज

सेवा सुरू करायच्या आधी फेरी कंपनीने आमच्याकडून किनाऱ्यावरच्या परिणामाचा रिपोर्ट मागवला. वेळ तीन आठवडे, बजेट जेमतेम. मी समुद्राची सरासरी पातळी घेतली, साधारण अडीच मीटर, म्हणजे खोली झाली ७.५ मीटर. बोट बांधणाऱ्यांनी चाचणीच्या टँकमध्ये मोजलेल्या लाटेचे आकडे पाठवले होते ते बोटीशेजारी ठेवले आणि पावसाळी लाटांसाठी आम्ही नेहमी वापरतो ते मॉडेल चालवलं. किनाऱ्यावर लाटेची उंची एवढीशी आली. मी लिहिलं, परिणाम नगण्य. सरांनी वाचून सही केली.

आता यात काय चुकलं ते सांगतो, कारण त्या वेळी मला एकही गोष्ट चूक वाटली नव्हती. आमचं नेहमीचं मॉडेल लाटांची सरासरी काढतं, वाऱ्याच्या लाटा तासन्‌तास सारख्या येत राहतात म्हणून तिथे ते चालतं. बोटीची लाट येते, दोन मिनिटं धिंगाणा घालते आणि जाते. वीस मिनिटांच्या सरासरीत दोन मिनिटांचा धिंगाणा टाकला की ऊर्जा दहा पट पातळ होते आणि उंची तीन पटीहून जास्त खाली येते, म्हणजे खरी ४० सेंटिमीटरची लाट कागदावर १३ सेंटिमीटर दिसते. बारीक पावसाच्या दिवसात अर्धा तास ढगफुटी झाली आणि आपण दिवसाची सरासरी सांगितली तसं. दुसरं, मी फक्त उंची बघितली, लाटेचा काळ बघितला नाही, म्हणजे एक शिखर गेल्यावर दुसरं यायला किती सेकंद लागतात ते. आणि तिसरं, खोलीचा एकच आकडा धरला.

शेवटी एक टेबल जोडलं होतं, ‘इतर देशांतली पद्धत’ म्हणून. त्यात एक ओळ होती की न्यूझीलंडच्या मार्लबरो साउंड्समध्ये फास्ट फेरींना २००० सालच्या स्थानिक नियमाने १८ नॉटची मर्यादा घातली. रिपोर्ट भरगच्च दिसावा म्हणून टाकलेली ओळ, खोटं कशाला बोलू. ही ओळ लक्षात ठेवा.

ट्रायल रन झाला अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी मध्यावर असताना. बांधावर परवानगी देणाऱ्या ऑफिसातले चौघं, कंपनीचे दोघं आणि मी. बोट गेली, पाणी थोडं हललं, सगळे चहाला गेलो.

त्रास काय होता

नोव्हेंबरमध्ये सेवा सुरू झाली आणि तीन आठवड्यांत मच्छीमार सोसायटीचं पत्र आलं. होड्या बांधावर आपटून काठ फुटतायत, दोर तुटतायत, तिवरांच्या मुळाखालचा चिखल निघून जातोय. कंपनीने उत्तरादाखल व्हिडिओ पाठवला, बोट वाड्यासमोरून जातेय आणि बांधाजवळचं पाणी आरशासारखं. तारीख-वेळेसकट. ऑफिसला वाटलं की हे नुकसानभरपाईसाठी चाललंय, आणि खरं सांगायचं तर मलाही थोडं तसंच वाटलं.

मी गेलो तेव्हा सोसायटीचे एक नाखवा, सगळे त्यांना काका म्हणतात, मला बांधावर घेऊन गेले. बोट गेली, मी फोन काढून शूटिंग केलं, काही नाही. फोन खिशात ठेवायला लागलो तर काका म्हणाले, “थांबा जरा, घाई कसली.” बोट पार दिसेनाशी झाली, तीनएक मिनिटं गेली असतील, आणि मग पाणी आलं. फेस नाही, आवाज नाही, नुसतं पाणी वर चढत गेलं, सगळ्या होड्या एकदम उचलल्या, मग तेवढंच मागे ओढलं गेलं आणि होड्या एकमेकींवर बसल्या. असं आठ-दहा वेळा.

“साहेब, लाट मोठी नाय, लांब हाय,” काका म्हणाले. “वाऱ्याची लाट थापड मारते, ही ढकलते.”

आमच्या शास्त्रातली दोन प्रकरणं त्यांनी एका वाक्यात संपवली. खोल पाण्याच्या सूत्राने लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गावर आणि काळाच्याही वर्गावर जाते, त्यामुळे दोन्ही लाटा ४० सेंटिमीटरच्या असल्या तरी ३ सेकंदांच्या लाटेपेक्षा ८ सेकंदांच्या लाटेत सातपट ऊर्जा असते. हार्बरच्या आत एरवी वाऱ्याच्या दोन-तीन सेकंदांच्या लाटा, लाकडी लाँचच्या लाटाही तेवढ्याच, त्या तिवरांत शिरल्या की मरतात. आठ सेकंदांची लाट तळापर्यंतचं पाणी हलवत येते आणि उथळ जागी उंच होत जाते, नऊ मीटरवरून एक मीटरवर येईपर्यंत साधारण पावणेदोन पट. कंपनीचा व्हिडिओ खोटा नव्हता. तो तीन मिनिटं लवकर बंद केला होता, एवढंच. आणि बोटीतल्या कोणालाच ही लाट कधी दिसत नाही, कॅप्टन बिचारा शपथेवर सांगत होता की मागे बघितलं तर काहीच नसतं.

पहिला निर्णय, आणि तो कसा उलटला

मीटिंग झाली. सोसायटीचं म्हणणं सरळ, वेग कमी करा. कंपनी म्हणाली करतो पण किती ते सांगा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कोणीतरी माझाच रिपोर्ट उघडला आणि शेवटच्या टेबलवर बोट ठेवलं: हे बघा, न्यूझीलंडमध्ये १८. आकडा परदेशातला, छापलेला, शिवाय कंपनीलाही परवडणारा. पंधरा मिनिटांत ठरलं. मी गप्प बसलो, कारण मलाही वाटलं की २४ पेक्षा १८ कमी म्हणजे लाट कमीच होणार.

पुढच्या पौर्णिमेला दुपारी बाराच्या खेपेनंतर काकांचा फोन. बांधावरून पाणी पलीकडे गेलंय, दोन होड्या उलटल्यात, आणि आधीच्या वेगाला निदान असं होत नव्हतं. कंपनीवाले चिडले, की हे लोक २४ ला ओरडतात, १८ ला जास्त ओरडतात, यांना बोटच नकोय. मी माझ्या ऑफिसात बसून पहिल्यांदा कागदावर हिशोब केला, जो खरं तर पहिल्या दिवशी करायला हवा होता, आणि मला घाम फुटला.

गोष्ट अशी आहे की उथळ पाण्यात लाटेला स्वतःची एक कमाल चाल असते, ती फक्त खोलीवर ठरते. मीटरमधल्या खोलीचं वर्गमूळ काढा, सहाने गुणा, जवळपास तेवढे नॉट. ९ मीटर पाणी, वर्गमूळ ३, गुणिले सहा, १८ नॉट. बोट जर बरोबर त्याच वेगाने चालली तर तिने उठवलेली लाट तिच्यापासून सुटूच शकत नाही, बोट ऊर्जा ओतत जाते आणि लाट शेजारी साचत जाते. बोटीचा वेग भागिले ही चाल, याला खोलीचा फ्रूड नंबर म्हणतात. एकच्या बराच खाली असेल तर लाटा केल्विनने १८८७ मध्ये सांगितलेल्या पाचरीत मागे पसरतात, साडेएकोणीस अंशांचा कोन दोन्ही बाजूंना. एकच्या वर गेला की बोट लाटेच्या पुढे निघून जाते. एकच्या आसपास, ढोबळमानाने ०.८५ ते १.१ मध्ये, सगळ्यात वाईट. स्कॉटलंडमध्ये १८३४ साली जॉन स्कॉट रसेल नावाच्या इंजिनिअरने कालव्यात नाव थांबल्यावर तिच्या पुढची लाट एकटीच पुढे निघालेली बघितली आणि घोड्यावरून मैल-दोन मैल तिचा पाठलाग केला, तेही याच कुटुंबातलं प्रकरण. आमच्याकडे घोडा नव्हता, काका होते.

आता आकडे घाला. उधाणाच्या भरतीला खोली ९.४, लाटेची चाल १८.७ नॉट. २४ नॉटला फ्रूड नंबर १.२९, म्हणजे बोट धोक्याच्या पट्ट्याच्या पलीकडे. १८ ला येतो ०.९६. ऐन मध्यात. पाणी मध्यावर असताना, खोली ७.५, तेव्हाही १८ नॉटला १.०८, म्हणजे पट्ट्याच्या आतच. आम्ही वेग कमी करून बोट बरोबर तिथे नेऊन ठेवली जिथे ती नसायला हवी होती. त्यात बोटीच्या लांबीचाही वेगळा फ्रूड नंबर असतो, तो अर्ध्याच्या आसपास आला की बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते, २४ मीटरच्या बोटीला १८ नॉटवर तो ०.६ येतो. म्हणजे दोन्हीकडून बोंब.

आणि न्यूझीलंडचा आकडा चुकीचा होता का? अजिबात नाही. मार्लबरो साउंड्स म्हणजे बुडालेल्या दऱ्या, पाणी खोल. तिथे ३० मीटर जरी धरलं तरी १८ नॉटला फ्रूड नंबर ०.५४ येतो, बोट सुखरूप खाली. तोच आकडा आम्ही नऊ मीटर पाण्यात आणून लावला. तिकडच्या हवेचं स्वेटर मुंबईत मे महिन्यात घातलं.

मग मोजमाप

यावेळी मॉडेल बाजूला ठेवलं. एक वेळूची काठी, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे, बांधाच्या पायथ्याशी रोवली आणि समोर स्टँडवर फोन, बोट दिसल्यापासून पुढची पंधरा मिनिटं सलग शूटिंग. कंपनीने, याचं श्रेय द्यायलाच हवं, कॅप्टन आणि रिकामी बोट दोन दिवस दिली, एक भांगाचा आणि एक उधाणाचा. आम्ही २४, १८, १२, १० असे वेग भरतीला, मध्यावर आणि ओहोटीला करून बघितले. उधाणाच्या भरतीला १८ नॉटला बांधाजवळ गुडघ्याच्या वर पाणी चढलं, लाटेचा काळ आठ-नऊ सेकंद. १२ ला बरीच कमी, १० ला लाँचच्या लाटेत आणि हिच्यात फरक कळेना.

तुलनेसाठी डेन्मार्कचा निकष वापरला. त्यांनी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी फास्ट फेरींसाठी नियम केला त्यात वेग नाहीच, लाट आहे: तीन मीटर खोलीवर मोजायची, साडेचार सेकंदांच्या लाटेला अर्धा मीटर चालेल, काळ वाढला की मर्यादा खाली, आठ सेकंदांना साधारण ३७ सेंटिमीटर. मला ही पद्धत फार आवडली, कारण बोट कुठली, पाणी किती, याची भानगड आपोआप त्यात येते. आपल्याकडे मीटिंगमध्ये मात्र लोकांना वेगाचाच आकडा हवा असतो, कारण तो जीपीएसवर दिसतो.

मॉडेल नंतर परत केलं, पण वेगळं, एकेक लाट वेळेप्रमाणे पुढे नेणारं. त्याने काठीवरची लाट बऱ्यापैकी पकडली. बोटीशेजारची लाट टँकच्या आकड्यांवरून न घेता आमच्या मोजमापावरून घेतली हे त्याचं मुख्य कारण, टँकमध्ये मोजली ती खोल पाण्याची लाट होती.

पर्याय

रूट मोठ्या जहाजांच्या खणलेल्या चॅनेलमध्ये सरकवायचा, हा सगळ्यांचा आवडता पर्याय होता. वाडा लांब राहतो, पाणी खोल. पण खोली चार्टवर १४ मीटर धरली आणि भरती मध्यावर, तर लाटेची चाल येते २४.७ नॉट आणि आपली बोट २४ ची, फ्रूड नंबर ०.९७. हे बघून मीच हसलो. शिवाय कंटेनर जहाजांच्या वाटेत दिवसातून सहा वेळा फेरी घालायला कोणी परवानगी देणार नव्हतं, आणि ते बरोबरच आहे.

बोटच बदलायची, हा पर्याय कंपनीच्या मालकांनी एका मिनिटात उडवला. अमेरिकेत सिएटलजवळच्या रिच पॅसेजमध्ये असंच झालं होतं, १९९८ मध्ये फास्ट फेरी आली, किनाऱ्यावरचे घरवाले कोर्टात गेले, फेरी हळू चालवावी लागली आणि पुढे बरीच वर्षं संशोधन करून पाण्याखालच्या पंखासारख्या फॉइलवर थोडी उचलली जाणारी कमी लाटेची बोट त्या पट्ट्यासाठी मुद्दाम बनवली, ती २०१७ मध्ये रोजच्या सेवेत आली. एवढा धीर आणि एवढा पैसा आपल्या प्रकरणात कोणाकडे नव्हता.

बांधाबाहेर दगड टाकायचे, हा ऑफिसातल्या लोकांचा लाडका उपाय. दगड टाकले की बांध वाचतो, पण लाट परत फिरून समोरचा चिखल खणते, तिवरं जातात, वर सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांची) परवानगी, वनखात्याचा कांदळवन कक्ष, म्हणजे दोन वर्षं गेली. सोसायटीला मात्र दगड हवे होते, कारण दगड डोळ्यांना दिसतात. यावर एक संपूर्ण संध्याकाळ वाद झाला. शेवटी काकाच म्हणाले की दगडावर होडी लावणार कुठे.

उरला वेग, पण बोट सगळीकडे हळू नको, फक्त वाड्यासमोरच्या तीन किलोमीटरमध्ये १० नॉट. हिशोब सोपा, तीन किलोमीटर २४ ला चार मिनिटांत होतात, १० ला पावणेदहा. खेपेमागे साधारण सहा मिनिटं. ऑपरेशन मॅनेजर म्हणाले, सहा मिनिटांत आमची लोकल चुकते. म्हणजे प्रवाशांची. मुंबईत हे कारण कोणालाही हसण्यावारी नेता येत नाही.

काय केलं

तोडगा असा निघाला की टाइड टेबलवर पाणी तीन मीटरच्या वर असेल तेव्हाच १० नॉट, बाकी वेळी २४. कारण पाणी खाली गेलं की लाट लांब चिखलावरच फुटते, बांधाला आणि होड्यांना काही होत नाही. कंपनीच्या सकाळच्या ऑफिसच्या खेपा उधाणाच्या दिवसांत ओहोटीलाच येतात, त्यामुळे त्यांचाही वेळ वाचत होता. सगळे खूश.

दुसरी गोष्ट, वेग कुठे कमी करायचा. २४ वरून १० वर येताना बोट मधल्या घाणेरड्या पट्ट्यातून जाणारच, तर ती वाड्यासमोर येऊन हळूहळू कमी करायची नाही, दोन किलोमीटर आधी, जिथे दोन्ही किनारे लांब आहेत तिथे एकदम थ्रॉटल कमी करायचा आणि मिनिटाच्या आत पट्टा ओलांडायचा. कॅप्टनला हे आवडलं नाही, प्रवाशांना धक्का बसतो, चहा सांडतो. मग स्पीकरवर आधी सूचना द्यायला सुरुवात केली. मला तरी हा भाग सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी वाटतो आणि मीटिंगच्या मिनिट्समध्ये त्याला जेमतेम अर्धी ओळ मिळाली.

केबिनमध्ये महिन्याचं टाइड टेबल चिकटवलं, १० नॉटच्या वेळा लाल पेनाने.

दुसरा उलटा, ओहोटीचा

सहा आठवडे शांत गेले. होड्यांची तक्रार थांबली. मग सोसायटीच्या मीटिंगला एक मावशी उठून उभ्या राहिल्या. वाड्यातल्या बायका सकाळच्या ओहोटीला चिखलात उतरतात, तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या गोळा करायला, गुडघाभर रुतून, पाठ समुद्राकडे. बोट २४ ला जाते आणि तीन-चार मिनिटांनी मागून पाणी येतं. एकीची टोपली आणि मोबाईल गेला, एक वयस्कर बाई पडल्या, त्यांना दोघींनी उचललं.

“वरचा बांध वाचवलात,” मावशी म्हणाल्या, “आमी खाली असतो ते कुनी बगितलं?”

कोणीच नाही. आमच्या कुठल्याच मीटिंगला तोपर्यंत एकही बाई बोलली नव्हती, बसलेल्या होत्या मागे, विचारलं नव्हतं. आणि माझ्या बाबतीत तर सबबच नाही. १९९९ मध्ये इंग्लंडच्या हार्विचजवळ फास्ट फेरीची लाट उथळ वाळूच्या पट्ट्यावर चढून फुटली आणि तिथल्या छोट्या मासेमारी बोटीतला एक माणूस गेला, हे मी पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं. वाचून वाटलं, आपल्याकडे तसा वाळूचा पट्टा नाही. चिखलाचा आहे हे डोक्यात आलंच नाही, कारण माझ्या मॉडेलमध्ये चिखलाचा तो भाग ओहोटीला ‘कोरडा’ म्हणून बंद होता.

त्यानंतर चर्चा फार झाली नाही. भरती असो ओहोटी असो, तीन किलोमीटरमध्ये कायम १० नॉट. खडखडीत ओहोटीला खोली ५.८ मीटर, लाटेची चाल १४.७, त्यामुळे १० नॉटला फ्रूड नंबर ०.६८, चालतं. कंपनीने टाइमटेबलमध्येच सहा मिनिटं वाढवली आणि गंमत म्हणजे प्रवाशांपैकी कोणी तक्रार केल्याचं कानावर आलं नाही.

परिणाम

होड्या, दोर, बांध, हे प्रश्न सुटले असं म्हणता येईल. भरपाईचा वाद वेगळा चालू आहे, त्यात मी नाही.

तिवरांचं ठामपणे काही सांगता येत नाही आणि इथे मी हात वर करतो. मुळाखालचा चिखल गेलाय हे दिसतं, पण फेरीने किती नेला, पावसाळ्याने किती, आजूबाजूच्या गाळ काढण्याने आणि भरावाने किती, हे वेगळं काढायला आधीचं मोजमाप हवं होतं. ते कोणी केलंच नव्हतं, माझ्या रिपोर्टमध्ये ‘सद्यस्थिती’ या मथळ्याखाली दोन फोटो आहेत आणि त्यातल्या एकात आमची गाडी जास्त दिसते. पावसाळ्यात सेवा बंद असते म्हणून तेव्हाची तुलना करू असं एकाने सुचवलं, पण पावसाळी लाटा स्वतःच सगळं ढवळून काढतात, तिथे तुलना कसली. आता निदान पाच लोखंडी सळया रोवल्यात आणि दर पौर्णिमेला चिखल किती खाली गेला ते सोसायटीची दोन मुलं वहीत लिहितात.

वेगळं काय करता आलं असतं

मॉडेल महाग आहे, पण वर्गमूळ गुणिले सहा फुकट आहे. पहिल्या दिवशी पाण्याच्या पाच पातळ्या आणि पाच वेग यांचं पंचवीस घरांचं कोष्टक केलं असतं तर १८ चा आकडा मीटिंगमध्ये टिकलाच नसता. ट्रायल भांगाला नको, उधाणाला घ्यायला हवा होता, भरतीला आणि ओहोटीला दोन्ही, आणि बोट गेल्यावर निदान पंधरा मिनिटं कोणी चहाला जायचं नाही. बोट बांधणाऱ्याचा आकडा कुठल्या खोलीचा आहे हे विचारायला एक ईमेल पुरला असता. त्या टेबलमधल्या प्रत्येक वेगाच्या शेजारी मी आता खोलीचा कॉलम टाकतो, आणि खोली सापडत नसेल तर ती ओळच काढतो. आणि बायकांना वेगळं बसवून विचारायला हवं होतं, त्यांच्या वेळेला, म्हणजे दुपारी, ओहोटीला नाही.

१८ च्या मीटिंगमध्ये मी गप्प बसलो त्याचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही. ‘दोन दिवस द्या, बघून सांगतो’ एवढंच म्हणायचं होतं. कन्सल्टंटने असं म्हटलं की क्लायंटला वाटतं याला येत नाही, आणि त्या दिवशी खरंच येत नव्हतं.

गेल्या महिन्यात बोटीचे जीपीएस ट्रॅक मागवले. बहुतेक खेपा १० च्या आत आहेत, पण सकाळची पहिली खेप उशिरा सुटली की वाड्यासमोर १३-१४ दिसतो. ऑपरेशन मॅनेजरना फोन केला तर म्हणाले, दोन-चार नॉट इकडेतिकडे होणारच, १४ म्हणजे काय २४ आहे का. उधाणाच्या दिवसांत सकाळी सातला पाणी असतं ५.८ मीटर, लाटेची चाल १४.७, आणि त्याच वेळी मावशी चिखलात असतात. मॅनेजरना ट्रॅक आणि टाइड टेबल शेजारी शेजारी लावून पाठवलंय, सोसायटीलाही एक कॉपी दिलीय.